पंधरा रुपयांचे गुरुजी

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक क्षण दरवर्षी ठरलेला असतो. अनुदान कुठे खर्च करायचे हा विषय निघतो. भिंती रंगवायच्या की मुलींचे स्वच्छतागृह दुरुस्त करायचे? पंखे मराठी वर्गाला की बाके उर्दू वर्गाला? आवाज चढतो आणि कुणीतरी म्हणून जातो, "तुमच्या लोकांना नेहमीच..." त्यानंतर हिशेबाची वही उघडी असली तरी ती कुणी वाचत नाही. गोंदिया जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवताना हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. पैशाचे भांडण पाहता पाहता धर्माचे आणि भाषेचे होऊन जाते.

हा अनुभव आपल्या पिढीचा नाही. आपल्या आजोबांनीही तो घेतला होता.

सुरुवात एका जुन्या प्रश्नापासून करू. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. शेतकरी सारा भरतो, त्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडही भरतो, मग त्याचीच मुले शाळेबाहेर का? या फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्या, ही त्यांची मागणी होती. मुसलमान मुले सरकारी शाळांपासून दूर राहतात आणि महार-मांगांच्या मुलांना तिथे जवळपास प्रवेशच नाही, हेही त्यांनी नोंदवले. पुढच्या वर्षी आयोगाचा अहवाल आला. मुसलमानांच्या शिक्षणाला दिलेले प्रोत्साहन हा स्थानिक, नगरपालिकेच्या आणि प्रांतिक निधीवरचा रास्त खर्च मानावा, अशी शिफारस त्यात होती. म्हणजे ही खैरात नव्हती. सर्वांनी भरलेल्या पैशातला तो हिस्सा होता.

आता आपल्या भागाकडे येऊ. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातला तालुका होता आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना मांडली. सरकारी तिजोरीत पैसा कमी आणि शाळा नसलेली गावे अनेक, ही अडचण होती. त्यावर तोडगा असा की गावाने जमीन दान द्यावी, वर्षाला साधारण २०० रुपये उत्पन्न यावे, त्यातून महिन्याला १५ रुपये पगारावर गुरुजी नेमावा आणि कारभार गावच्या समितीने पाहावा.

मुसलमान वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. जमीन बाजूला काढायची आणि तिच्या उत्पन्नातून तालीम चालवायची, ही तर वक्फचीच रीत. अशा जमिनीबद्दल विचारायचे प्रश्नही आपल्याला ठाऊक आहेत. मुतवल्ली कोण? उत्पन्न किती? हिशेब कुणाला दाखवला?

पण वाद या प्रश्नांवर पेटला नाही. तो पेटला नावावर. 'मंदिर' हा शब्द शुक्लांच्या मते घर या अर्थाचा होता. मुसलमानांच्या कानावर तो देवळासारखा पडला. उर्दूचे काय होणार ही काळजी होती. प्रांतात मुसलमान शंभरात जेमतेम चार-पाच. गावात आठ-दहा घरे असली तर समितीवर आपला माणूस निवडून कसा यायचा, ही शंकाही खोटी नव्हती. मुस्लिम लीगने हा विषय हाती घेतला. १९३८ च्या पिरपूर अहवालात तो तक्रार म्हणून नोंदला गेला. १९३९ च्या सुरुवातीला नागपुरात सत्याग्रह झाला. मग लियाकत अली खान यांच्याशी बोलणी होऊन तडजोड निघाली. मुसलमानांच्या शाळांना 'मदीनतुल इल्म', म्हणजे ज्ञानाचे शहर, असे नाव देता येणार होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली.

आज या वादाची आठवण निघते तेव्हा दोन्ही बाजू नावाबद्दलच बोलतात. पंधरा रुपयांत चांगला शिक्षक मिळेल का, पाऊस न पडलेल्या वर्षी त्याचा पगार कुठून येईल, शाळेचा खर्च सरकारने उचलायचा की गरीब गावाने, हे प्रश्न त्या आठवणीत नाहीत. पाटीवर विद्यामंदिर लिहा की मदीनतुल इल्म, आतला गुरुजी पंधरा रुपयांचाच राहणार होता.

नावाचा आग्रह चूक होता असे मी म्हणत नाही. ज्याला न विचारता पाटी लागते, त्याला ती खुपणारच. पण समितीवरची जागा आणि हिशेबाची वही मागितली असती तर ती मागणी हिंदू शेतमजुराच्याही कामी आली असती.

तशी मागणी कशी करायची याचे उदाहरण दहा वर्षे आधीचे आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकडे ठेवले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मध्यम वर्ग ३८ आणि मागासवर्गीय १८. ज्यांची स्थिती असमान आहे त्यांना सारखेच वागवणे म्हणजे न्याय नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. हे आकडे आपणही नीट वाचावेत. त्या तक्त्यात आपण तळाशी नव्हतो. न्याय मागताना आपल्या खाली कोण आहे हेही पाहावे लागते.

आज कायदा आपल्या हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि जिल्हा परिषद शाळांच्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचे काम आहे. १९३८ मध्ये जी जागा मिळेल की नाही याची भीती होती, ती आज कायद्याने दिली आहे. तरी आपले किती पालक बैठकीला जातात? किती आया सहीपुरत्या बोलावल्या जातात आणि किती जणी खर्चाची पावती मागतात?

आणि एक प्रश्न घरचा. अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्लागार असते. तिथे हिशेब दाखवण्याची कायद्याची सक्ती सैल झाली म्हणून अमानतीची जबाबदारी सैल होत नाही. जिल्हा परिषदेला आपण जो प्रश्न विचारतो, तोच आपल्या संस्थाचालकांनाही विचारला पाहिजे.

पुढच्या बैठकीत कुणी "तुमच्या लोकांना" म्हणाले तर उत्तर देण्याआधी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा. कोणत्या वर्गात किती मुले, कोणत्या वर्गाला किती रुपये, एवढेच मोठ्याने वाचा. पुढचे बोलणे मग त्या आकड्यांवर होऊ द्या.