पावकी गेली, पाव राहिला

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे संपले आणि शंभर नये पैसे सुरू झाले. आपली तुकडी तेव्हा दुसरीच्या परीक्षेला बसलेली. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ झाली होती, सवायकी-दिडकी चालू होती. अडीचकी आणि औटकी घरी वडील मंडळींनी थोडीफार करून घेतली तेवढीच. शाळेत ती आपल्या वाट्याला आलीच नाही.

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, अशी आज्ञा झाली. समाजाच्या वाटचालीत सातत्य जास्त की खंड, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा जुना वाद आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा एक जग संपले असे काहीजण मानतात. राजा बदलला, पण नांगर तोच आणि सावकारही तोच राहिला, असे दुसऱ्यांचे म्हणणे. एवढ्या मोठ्या घटनेवर निकाल देणे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला झेपणारे नाही. पण १९५७ चा बदल आपण स्वतः पाहिलेला आहे. तो हाताच्या मापात बसतो.

आधी जुनी व्यवस्था आठवू या. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. शेर ८० तोळ्यांचा, मण ४० शेरांचा. (मुंबईचा जुना शेर वेगळा, देशावरचा वेगळा, हा घोळ होताच.) सगळी रचना निम्म्याच्या निम्म्यावर उभी होती: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. धान्याच्या मापातही पायलीची निम्मी अधोली, शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे. अशा जगात पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे ही चैन नव्हती, ती रोजची अवजारे होती. शेराला जितके रुपये, तितके आणे छटाकाला, कारण दोन्हीकडे सोळाच. आणि अडीचकी कशाला? शेराचा भाव आण्यांत ठाऊक असेल तर त्याच्या अडीचपट रुपये हा मणाचा भाव. सहा आणे शेर, तर पंधरा रुपये मण. चाळीसला सोळाने भागले की अडीच येतात, हे मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर उमगले. पाठ करताना ते कोणी सांगितले नव्हते.

आमच्या गल्लीतल्या अडत दुकानाचे दिवाणजी ही अडीचकी शंभरापर्यंत म्हणत. गिऱ्हाईक बोलून संपायच्या आत आकडा सांगत. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजने व्यवहारातून बाद झाली. त्यांची आयुष्यभराची विद्या चार-पाच वर्षांत निकामी झाली. ते दुकानात येत राहिले, पण कागदावर गुणाकार मांडून. त्यांच्या त्या मांडलेल्या गुणाकाराकडे आम्ही पोरे हसून पाहत होतो, याची आज लाज वाटते.

मधला काळ गमतीचा होता आणि थोडा लबाडीचाही. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ नये पैसे, दोनचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. खरे तर आण्याला सव्वासहा यायला हवेत, पण पाव नया पैसा आणायचा कुठून? एक आण्याची पेन्सिल आपल्याला सहाला मिळायला हवी होती. ती सातला मिळू लागली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जून १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द नाण्यावरून गेला, तोवर आपण माध्यमिक शाळेत दशांश चिन्हावर मार खात होतो.

आता काय टिकले ते पाहा. ‘एक आणा’, ‘तीन आणे’ हे शब्द बाजारातून लवकर गेले. पण ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ पुढे पन्नासएक वर्षे बोलले गेले. नाण्यावर २५ पैसे छापलेले असे, तोंडी मात्र चार आणेच. २०११ च्या जूनअखेर ते नाणेच चलनातून गेले, तेव्हा त्याच्याबरोबर पूजेतला सव्वा रुपयाही अडचणीत आला. हे असे का झाले? माझा तर्क साधा आहे. चार आणे आणि पंचवीस पैसे तंतोतंत जुळतात, एक आणा कशाशीच जुळत नाही. जिथे जुन्याचा सांधा नव्याच्या सांध्यावर बसला, तिथे जुना शब्द नव्या वस्तूवर चढून बसला. पावशेर २३३ ग्रॅमचा, पाव किलो २५० चा. फरक थोडा, म्हणून मंडईत अजून कोणी आजी ‘पावशेर दे’ म्हणते आणि पाव किलो घेऊन जाते. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरांचा, आर १०० चा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी बांधावरचे भांडण गुंठ्यांतच चालते. मण सुमारे ३७ किलोंचा, क्विंटल १०० चा. तिथे सांधा नाही, म्हणून बाजारभावातून मण गेला. तोळ्याची गंमत आणखी वेगळी. खरा तोळा साडेअकरा ग्रॅमहून अधिक, सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमचा. इथे शब्द राहावा म्हणून मापच आकसले!

जुने ते सोने म्हणण्याचा मोह अशा संमेलनात फार होतो. मलाही होतो. पण माझी आई शाळेत गेलेली नव्हती. निम्म्याचे निम्मे ती मनात करी, पण दिवाणजींनी मणाचा भाव सांगितला की तो खरा की खोटा, हे तपासायचे साधन तिच्याकडे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात मोडी, बाळबोध आणि हिशेब हवेत असे मांडले, ते कशासाठी, हे मला तिच्याकडे पाहून कळले. पावकी-औटकीची विद्या सुंदर होती, पण ती फार थोड्यांची होती. शंभराच्या हिशेबात आई एका वर्षात तरबेज झाली. दिवाणजींचे नुकसान आणि तिची सुटका एकाच कायद्याने झाली, आणि यातले एक सांगून दुसरे गाळणे मला जमत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो, आणि जुनी नावे काढलेली नाहीत. आपल्या व्हॉट्सअॅप गटावरही तेव्हा कडाक्याचे बोलणे झाले. मी गप्प होतो, कारण मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि त्या गटावर तशी सोय नाही. माझा कौल विचाराल तर त्र्याण्णव टिकेल. घड्याळात पावणेतीन वाजतात, भाजी दीड किलो घेतली जाते, खोली अडीच हजारांनी मिळत नाही म्हणून कुरकुर होते. पाढा गेला, तरी हे शब्द रोजच्या कामाला लागतात.

औटकी मात्र मला हवी आहे. साता औट साडेचोवीस इथपर्यंत ताल धरून येते, पुढे आकडे हिशेब करून काढावे लागतात, चाल हरवली आहे. आपल्यापैकी किंवा आपल्या गुरुजनांपैकी कोणाला ती चालीवर पूर्ण येत असेल, तर संमेलनात जेवणानंतर गाठावे. मी वही घेऊन येणार आहे.