कोल्हिणीचें सासर

चीनच्या दूरचित्रवाणीवर २०१७ सालीं ५८ भागांची एक अद्भुत प्रेमकथा प्रसारित झाली. ‘तीन जन्म, तीन लोक, दहा ली पीचचा मोहोर’ असें तिच्या नांवाचें स्थूल भाषांतर होईल. ली हें तिकडील अंतराचें माप. थांग छी या लेखिकेच्या कादंबरीवरून ती रचिली आहे. नायिका बाई छ्यान ही छिंगछ्यूच्या राजकुळांतील नऊ शेपटांची कोल्हीण. नायक ये ह्वा हा स्वर्गाचा युवराज. घरांतील मुलांच्या आग्रहास्तव आम्ही ती पाहावयास बसलों. परंतु छिंगछ्यू हें नांव कानीं पडतांच आमचें कुतूहल जागें झालें. कारण हें नांव नव्या लेखिकेच्या कल्पनेंतून निघालेलें नव्हे. तें दोन हजार वर्षांहून जुनें आहे.

‘शान हाय चिंग’ या पर्वत-सागरांचें वर्णन करणाऱ्या प्राचीन ग्रंथांत छिंगछ्यू पर्वत येतो. तेथें कोल्ह्यासारखा, नऊ शेपटांचा एक पशु असतो. त्याचा आवाज तान्ह्या मुलासारखा असून तो माणसें खातो, असें ग्रंथकार सांगतो. पुढें हान राजवटींतील थडग्यांच्या शिल्पांत हाच प्राणी पश्चिमेच्या देवमातेच्या परिवारांत शुभचिन्ह म्हणून दिसतो. आणि मिंग काळांतील ‘फंगशन यानयी’ या कादंबरींत कोल्हीण एका स्त्रीच्या देहांत शिरून शांग वंशाचें राज्य बुडविते.

तथापि या परंपरेंतील खरें रत्न, आमच्या मतें, आठव्या शतकांतील आहे. थांग काळचा इतिहासकार शन जीजी यानें रन नांवाच्या कोल्हिणीची कथा लिहिली. तिचा प्रियकर जंग हा दरिद्री, बायकोच्या नातलगाच्या आश्रयानें राहणारा. त्या धनिक नातलगानें एकदां रनवर बळजबरी करूं पाहिली. तेव्हां, तुम्हांस सुंदर स्त्रियांचा तोटा नाहीं, जंगपाशीं मात्र माझ्यावांचून कांहीं नाहीं, अशा अर्थाचें बोलून तिनें त्यास खजील केलें. पुढें जंगला पश्चिमेकडे नोकरी मिळाली. यंदा तिकडे जाणें आपणांस अशुभ आहे असें ती म्हणाली. त्यानें तें हसण्यावारी नेलें. त्याच्या आग्रहामुळें ती निघाली, आणि वाटेंत मावेइ येथें शिकारी कुत्र्यांनीं तिला गांठून मारिलें. मागें राहिलीं तीं खोगिरावर पडलेलीं वस्त्रें आणि रिकिबींत लोंबणारे मोजे-जोडे. जंग तिच्या रूपावर लुब्ध झाला, परंतु त्यानें तिचा स्वभाव जाणून घेतला नाहीं, अशी हळहळ लेखकानें शेवटीं व्यक्त केली आहे.

परीक्षांत वारंवार अपयशी ठरलेल्या फू सोंगलिंगनें (१६४०–१७१५) लिहिलेल्या सुमारें पांचशें कथांतही कोल्हिणी पुष्कळ आहेत. त्यांतील इंगनिंग ही कोल्हिणीची मुलगी सदैव हसत असते. लग्नानंतर एक कज्जा होतो, सासू तिला समज देते, आणि ती हसणें कायमचें सोडते. परकी स्त्री घरांत आली तर घर तिला कोणत्या अटीवर आपली म्हणेल, हाच या कथांचा गाभा होय.

नवी मालिका हा प्रश्न उलटा करून पाहते. शक्ति व स्मृति गमावलेली कोल्हीण सूसू नांवाची साधी मानवी स्त्री होते आणि ये ह्वा तिला स्वर्गांत नेतो. आतां परकी ती मानवी, आणि सासर देवांचें. तेथें तिला ना कुळ, ना माहेर. प्रतिस्पर्धी स्त्रीच्या खोट्या आरोपावरून तिचे डोळे काढण्याची आज्ञा होते, आणि ती आज्ञा खुद्द ये ह्वा पाळतो. सबंध मालिकेंत हा भाग आम्हांस सर्वोत्कृष्ट वाटला. यांग मी या नटीचा अभिनयही येथेंच कसास उतरला आहे.

तीनशें वर्षांनीं बाई छ्यान पूर्ववैभवानिशीं परतते, आपले डोळे मागून घेते, आणि प्रेक्षकास समाधान वाटतें. आम्हांसही वाटलें, परंतु तें फार वेळ टिकलें नाहीं. हा न्याय राजकन्येस मिळाला, सूसूस नव्हे. ती खरोखरच निराधार असती तर स्वर्गांत तिची दाद कोणीं घेतली असती? रनपाशीं कोणतेंही राजकुळ नव्हतें. तिचें मोल शन जीजीनें केवळ तिच्या वागणुकीवरून ठरविलें. वाचकांनीं ही मालिका अवश्य पाहावी. मात्र तिच्या झगमगाटांत बारा शतकांपूर्वीच्या त्या रिकाम्या खोगिराचा विसर पडूं देऊं नये.