गाव हलले, वाटा तुटल्या

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव पाण्याखाली गेले. नवे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. उन्हाळ्यात जलाशय फार आटला की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. ते पाहायला आपण जातो; पण गावाबरोबर वाटांचे जाळेही बुडाले, हे सहसा ध्यानात येत नाही.

जाळे म्हणजे काय? १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्झबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडवताना जमिनीचे तुकडे बिंदू मानले आणि पूल रेषा मानले. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच त्याने पाहिले. गावाकडेही तसे पाहू. चौक हे बिंदू, रस्ते या रेषा. चौकातली एक वाट अडली तर दुसरी असते. बंद बोळाला एकच तोंड असते. रस्त्याने पडणाऱ्या अंतराला सरळ रेषेतील अंतराने भागले की वळसा किती पडतो तेही कळते.

हा वळसा जिवावर बेततो. पळसदेवच्याच परिसरातील कळाशी आणि पलीकडचे करमाळा तालुक्यातील कुगाव जलाशयाच्या दोन तीरांवर आहेत. रस्त्याने फार लांब पडते, म्हणून माणसे पाण्यातून जात. २१ मे २०२४ रोजी वादळात तेथे बोट उलटली आणि सहा जण बुडाले.

धरणाने जे एकदम केले, ते वाढती शहरे हळूहळू करतात. पुण्याच्या जुन्या पेठांतील रस्ते एकमेकांना मिळतात. शहराच्या कडेला मात्र शेताचा एकेक तुकडा वेगळा बांधला जातो. प्रत्येक वसाहतीचे फाटक त्याच एका मोठ्या रस्त्यावर उघडते. शेजारच्या वसाहतीत जायलाही त्याच रस्त्यावर यावे लागते. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, तेव्हा त्यांतील बरीच बांधकामे आधीच उभी होती. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनी २०२० साली दाखवले, की १९७५ नंतर जगभर नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले. घर पाडून पुन्हा बांधता येते. एकदा आखलेला रस्ता सहसा बदलत नाही.

विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्यावा. चौक किती, बंद बोळ किती, घर ते शाळा वळसा किती, हे मोजावे. नवी वसाहत आखली जाण्यापूर्वी हे आकडे हाती असले, तर ग्रामसभेत बोलायला काही आधार राहील.