खडा, शस्त्र आणि संख्या

रोग एकच, पण त्यावर उपाय दोन. एकांत शरीर मोकळें चिरावयाचें, दुसऱ्यांत एखाद्या लहानशा छिद्रांतून किंवा शरीराच्या नैसर्गिक मार्गानेंच बारीक हत्यार आंत घालून काम उरकावयाचें. यांपैकीं कोणता पत्करावा, हा प्रश्न आज घरोघर उपस्थित होतो. आणि बहुतेक घरीं तो नीट विचारला जाण्यापूर्वींच त्याचा निकाल लागलेला असतो. टांके थोडे, रुग्णालयांतील मुक्काम थोडा, तेव्हां तोच उपाय चांगला! ही समजूत स्वाभाविक आहे व पुष्कळदां ती खरीही ठरते. परंतु ती केव्हां खरी व केव्हां खोटी हें ओळखावें कसें? हा वाद आजचा नव्हे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं पॅरिस शहरीं मूत्राशयांतील खड्यावरून तो मोठ्या हिरिरीनें लढला गेला. त्याचा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूतखड्याची व्यथा फार जुनी. सुश्रुतसंहितेंत तिच्यावरील शस्त्रकर्माचें तपशीलवार वर्णन आहे: गुदद्वारांत बोटें घालून खडा पुढें आणावा, आणि शिवणीच्या डाव्या बाजूस छेद घेऊन तो काढावा. पण त्याआधीं औषधें करून पाहावीं. शस्त्र न चालविल्यास मरण ठरलेलें व चालविल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच या कर्मास हात घालावा, असा तेथें इशारा आहे. युरोपांतही एकोणिसाव्या शतकापर्यंत याहून फारशी निराळी स्थिति नव्हती. गुंगीचें औषध 1846 पर्यंत शस्त्रवैद्यांच्या हातीं आलें नव्हतें. म्हणून रोग्यास दोरांनीं बांधून, बळकट माणसांकरवीं धरवून, शक्य तितक्या झटपट खडा काढीत. इंग्लंडांतील प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्यावर 1658 सालीं ही शस्त्रक्रिया झाली. तो वांचला, व पुढें दरसाल तो दिवस मेजवानी देऊन साजरा करण्याचा त्यानें नेम केला. यावरूनच त्या प्रसंगाची भीषणता ध्यानांत यावी.

अशा काळीं 1824 च्या जानेवारी महिन्यांत झां सिव्हिआल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एक नवल करून दाखविलें. त्यानें मूत्रमार्गानें एक सरळ नळी मूत्राशयांत सारली. नळींतून तीन नख्या बाहेर पडून त्यांनीं खडा पकडला. आणि मधून फिरणाऱ्या सामत्यानें त्याला भोंकें पाडून त्याचा चुरा केला. सुरी कोठेंही चालली नाहीं. हें काम एका बैठकींत संपत नसे. पुनः पुनः यंत्र घालावें लागे, आणि चुरा लघवीवाटे आपोआप बाहेर पडावा लागे. तरीही चिरफाडीच्या नुसत्या कल्पनेनें गलितगात्र होणाऱ्या रोग्यांस ती संजीवनीच वाटली असल्यास नवल नाहीं.

परंतु सिव्हिआल कौतुकावर संतुष्ट राहिला नाहीं, आणि येथेंच त्याचें खरें महत्त्व आहे. त्यानें निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांच्या नोंदी गोळा करून जुन्या शस्त्रक्रियेच्या हजारों रोग्यांचा हिशेब मांडला. त्यांत शंभरांमागें सुमारें 20 दगावले होते. त्याच्या स्वतःच्या रोग्यांत, ज्यांची संख्या कांहीं शेंच होती, हें प्रमाण शंभरांमागें दोन-तीनच पडलें. इतक्या मोठ्या अंतरापुढें वाद तो काय उरणार, असें कोणासही वाटेल.

पण वाद उरला. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें या आकड्यांवर मत देण्यासाठीं एक समिति नेमिली. तींत प्वासों हा गणिती होता, द्युलाँ हा पदार्थविज्ञानवेत्ता होता, नेपोलियनच्या सैन्याबरोबर रणांगणें पाहिलेला शस्त्रवैद्य लारे होता, आणि डुब्ल हा वैद्य होता. समितीचा अहवाल ऑक्टोबर 1835 मध्यें पुढें आला. त्याचा आशय असा कीं, संख्याशास्त्र माणसाचें माणूसपण बाजूस ठेवून त्याची केवळ एक गणना करतें. वैद्यापुढें मात्र प्रत्येक वेळीं एकच विशिष्ट रोगी असतो. तेव्हां हजारोंच्या सरासरीनें त्या एकाचें काय करावें हें ठरत नाहीं. त्याच वर्षीं वैद्यकीय अकादमींतही वेल्पो या शस्त्रवैद्यानें नव्या रीतीवर कडाडून हल्ला केला.

आज हें वाचतांना सिव्हिआल शहाणा व त्याचे टीकाकार जुनाट, असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण सिव्हिआलच्या तुलनेंत एक मोठें छिद्र होतें. खडा फोडण्यासाठीं तो कोणते रोगी घेई? ज्यांचा खडा लहान, मूत्राशय निरोगी व प्रकृति धड, असे. ज्यांचा खडा मोठा व कठीण, किंवा ज्यांना यंत्र सोसणार नाहीं, ते सुरीच्याच वाट्यास जात. म्हणजे निवडलेले रोगी एका तराजूंत आणि सर्व प्रकारचे, अनेक देशांतले, अनेक हातांखालून गेलेले रोगी दुसऱ्या तराजूंत! या दोन पारड्यांतील अंतर कितपत यंत्राचें व कितपत निवडीचें, हें त्या आकड्यांतून कळण्यास मार्ग नव्हता.

या कोंडींतून वाट दाखविली ती गाव्हारे या वैद्यानें. त्याचें गणिताचें शिक्षण चांगलें झालेलें होतें. 1840 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, दोन उपचारांची तुलना करावयाची तर रोगी एकमेकांशीं ताडण्याजोगे हवेत, आणि त्यांची संख्या शेंकड्यांनीं हवी. थोड्या रोग्यांत दिसलेलें अंतर निव्वळ योगायोगाचेंही असूं शकतें. संख्या टाकून देऊं नये, तिला शिस्त लावावी, हा त्याचा मार्ग होता.

एकेका रोग्याची कहाणी किती फसवी असते, याचें उदाहरण राजवाड्यांतूनच मिळतें. इंग्रज शस्त्रवैद्य हेन्‍री टॉम्प्सन यानें 1863 सालीं बेल्जमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा फोडून त्यास बरें केलें. त्याच टॉम्प्सननें 1873 च्या जानेवारींत पदच्युत फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन याचा खडा दोन बैठकींत फोडला; तिसऱ्या बैठकीपूर्वींच, 9 तारखेस, सम्राटाचा अंत झाला. वैद्य तोच, रीतही तीच. पहिलें उदाहरण ऐकणारा ती रीत डोक्यावर घेईल, दुसरें ऐकणारा तिला शिव्याशाप देईल. आणि दोघांनाही सत्य कळलेलें नसेल.

पुढें 1878 सालीं अमेरिकेंतील बिगेलो यानें रुंद नळीनें सर्व चुरा एकाच बैठकींत शोषून काढण्याची रीत बसविली. लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, तेव्हां त्यांना हा उपाय चालावयाचा नाहीं, अशी समजूत होती. ती खोडून काढण्याचा मान आपल्याकडे येतो. होळकरांच्या इंदूर शहरीं रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य असलेले कीगन यांनीं 1880 नंतरच्या दशकांत अनेक मुलग्यांचे खडे या रीतीनें फोडून आपले अनुभव प्रसिद्ध केले.

विसाव्या शतकांत तुलनेची शिस्त पूर्ण झाली. कोणत्या रोग्यास कोणता उपचार मिळावा हें वैद्यानें न ठरवितां चिठ्ठीनें ठरवावें, म्हणजे निवडीचा दोष मुळांतच नाहींसा होतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या 1948 सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणीपासून ही पद्धति रुजली. तथापि शस्त्रक्रियेच्या क्षेत्रांत ती उशिरां शिरली. 1987 सालीं फ्रान्सांत लिआँ येथें मूरे यानें दुर्बिणीनें पित्ताशय काढलें, आणि पुरेशा चांचण्या होण्यापूर्वींच ती रीत जगभर पसरली. शेफील्ड येथील शस्त्रवैद्यांनीं 1996 सालीं आपल्या 200 रोग्यांची चांचणी प्रसिद्ध केली. कोणाचें पित्ताशय दुर्बिणीनें व कोणाचें लहानशा छेदांतून काढावयाचें हें शस्त्रक्रियागृहांतच चिठ्ठीनें ठरे; आणि नंतर सर्वांच्या पोटावर एकसारख्याच पट्ट्या बांधीत, कीं रोग्यास आपणांवर कोणती क्रिया झाली हें कळूं नये! निष्पन्न काय झालें? रुग्णालयांतील मुक्काम व कामावर परतण्याचा काळ दोहोंकडे सारखाच. दुर्बिणीस वेळ मात्र अधिक. पूर्वीच्या मोठ्या छेदापेक्षां दुर्बीण बरी हें खरें. पण पट्टी पाहून रोगी, परिचारिका व वैद्य यांच्या अपेक्षा किती बदलतात, हेंही त्या पट्ट्यांनीं दाखविलें.

कर्करोगाच्या बाबतींत तर प्रश्न चार दिवसांच्या मुक्कामाचा नसून आयुष्याचा असतो. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत 872 रोग्यांची अमेरिकन चांचणी 2004 सालीं प्रसिद्ध झाली. रोग उलटण्याचें प्रमाण दोन्ही रीतींत जवळ जवळ सारखें आढळलें, तेव्हां लहान जखमेचा लाभ निर्धोकपणें घेतां आला. परंतु गर्भाशयमुखाच्या प्राथमिक अवस्थेंतील कर्करोगासाठीं गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची 631 स्त्रियांवरील चांचणी 2018 सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिनें सर्वांस धक्का दिला. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण मोकळ्या शस्त्रक्रियेंत शंभरांमागें 96.5, तर दुर्बिणीच्या वा यंत्रमानवाच्या शस्त्रक्रियेंत 86 होतें. लहान जखमेची किंमत येथें रोग परतण्यानें मोजावी लागली. आणि चिठ्ठी टाकून, वर्षानुवर्षें वाट पाहून मोजल्यावांचून ती कोणास दिसलीही नसती. एका रोगांत निर्धोक ठरलेली रीत दुसऱ्या रोगांत घातक ठरूं शकते, हाच याचा अर्थ.

म्हणून घरांतील माणसाविषयीं निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हां टांके किती, एवढेंच विचारून थांबूं नये. ही तुलना कोणत्या रोग्यांची? कोण कोणत्या बाजूस जावा हें कोणी ठरविलें? त्यांच्याकडे किती वर्षें लक्ष ठेविलें? आणि या वैद्याच्या स्वतःच्या हाताचा अनुभव काय? या प्रश्नांनीं चांगला वैद्य रागावत नाहीं. समितीचें म्हणणेंही विसरतां कामा नये. आकडे नीट जुळवून झाल्यावर समोर एक विशिष्ट माणूस उरतोच, त्याचें वय, त्याची प्रकृति, त्याची भीति यांसह. सुश्रुतानें राजाची अनुज्ञा घ्यावयास सांगितली होती. आज ती अनुज्ञा रोग्यानें व त्याच्या घरच्यांनीं द्यावयाची असते. आणि ती देण्यापूर्वीं पुरावा पाहून घेणें हें त्यांचें कर्तव्य आहे.