जात्यावरील ओवी आणि गायिकेचे नाव : एका संग्रहाचा इतिहास

लोकगीतांची चर्चा करताना ‘अनामिक’ हे विशेषण आपण इतक्या सहजतेने योजतो की, ते नेमके कोणाचे वर्णन करते याचा विचार मनात येत नाही. गायिकेला नाव नव्हते, असा त्याचा अर्थ खचितच नव्हे. ओवी उतरवून घेणाऱ्याच्या वहीत त्या नावासाठी रकाना नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते. जात्यावरील ओव्यांच्या ज्या संग्रहाचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे, त्यात हा रकाना आहे.

साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि डॉ. सरोजिनी बाबर यांचे लोकसाहित्य-संकलन यांचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु माहेर, भाऊ, पंढरी अशी विषयवारी लावताना गाणारी बाई बहुधा मागे राहिली. ओवी समाजाची मानली गेली आणि गळा कोणाचाही चालला.

१९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू असताना गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांचे लक्ष या ओव्यांकडे वेधले. संघटनेतील कार्यकर्त्या स्वतः त्याच खेड्यांतल्या, जाते ओढलेल्या. आपल्या जिण्याविषयी बायका सभेत बोलत नाहीत ते जात्यावर बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शेजारणींच्या, नात्यातल्या बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या आणि प्रत्येकीचे नाव व गाव नोंदविले. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेत हे साहित्य जमत गेले. १९९६ पासून बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणही झाले. एकंदर १,००० हून अधिक गावांतील ३,००० हून अधिक गायिकांच्या १,००,००० हून अधिक ओव्या संग्रहात आल्या. प्वातव्हाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. पुढे २०१७ मध्ये ‘पारी’ने (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) हा संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तोवर गिरणीने बहुतेक घरांतले जाते लग्नाच्या हळदीपुरते उरविले होते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरा पेच लेखनाचा आहे. ‘विठ्ठल’ लिहावे की ‘इठ्ठल’? ‘होता’ की ‘व्हता’? शहरी लेखनिकाचा हात नकळत प्रमाणभाषेकडे वळतो, आणि मग ओवीतील मात्रा का अडखळते हे त्याला उमगत नाही. तीच बोली बोलणारी स्त्री लिहिते तेव्हा हा धोका कमी होतो. मात्र नाहीसा होत नाही, कारण शाळेत गिरविलेले शुद्धलेखन तिच्याही बोटांत असते. शिवाय कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी गळ्यात तेवढीच नसते. ‘बाई’, ‘गं’ अशी संबोधने, अर्ध्या चरणाची पुनरुक्ती, जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबणारा स्वर हे सारे वहीत गळते. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण म्हणूनच मोलाचे. पण संग्रहाच्या मानाने ते थोडे आहे, आणि बहुसंख्य ओव्यांचा आता केवळ लिखित पाठच हाती आहे.

नाव नोंदविल्याने गायिका कर्ती ठरते काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. तीच ओवी दहा गावांत आढळते. तथापि ओवी घेताना गायिका भावाचे नाव बदलते, गाव बदलते, कधी सासूविषयीचा एखादा शब्द अधिक तिखट करते. ही निवड तिची असते. दहा पाठांतून एक ‘मूळ’ पाठ सिद्ध करण्याची आपली संपादकीय सवय येथे अपुरी पडते. या संग्रहात दहाही पाठ दहा नावांखाली राहतात, हेच योग्य होय.

त्या रकान्याचा एक उपयोग संग्राहकांनाही कदाचित अपेक्षित नसावा. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात डॉ. आंबेडकरांवरील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. २०१७ मध्ये ‘पारी’चे कार्यकर्ते त्याच वस्तीत गेले, तेव्हा विचारण्यासाठी त्यांच्यापाशी नावे होती. एकवीस वर्षांनंतर त्यांतील काही गायिका त्यांना भेटल्या, आणि पुन्हा गायल्या.