बीज आणि भूमि

१९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनीं छिन्नमनस्कतेचें मूळ आईच्या वागणुकींत सुचविलें. पुढें कित्येक वर्षें रोग्यांच्या मातांनीं दुःखाबरोबर दूषणहि सोसलें. १९६६ सालीं अमेरिकेंत हेस्टन यांनीं रोगग्रस्त मातांपासून जन्मतांच दूर वाढलेले ४७ जण प्रौढपणीं तपासले, तों पांचांस तोच रोग जडलेला. अन्य मातांच्या, तशाच वाढलेल्या ५० जणांत एकासहि नाहीं. बीज रक्तांतलें खरें. पण उरलेल्या ४२ जणांत तें कां रुजलें नाहीं? जन्मजात दौर्बल्य जितकें अधिक, तितका थोडा ताण रोग प्रकटण्यास पुरतो, असें उत्तर झुबिन व स्प्रिंग यांनीं १९७७ सालीं मांडलें. १९८२ सालीं लंडनमध्यें लेफ प्रभृतींनीं घरीं टीका सोसणाऱ्या रोग्यांना औषध तर दिलेंच, शिवाय कांहींच्या कुटुंबियांस रोगाची समज देऊन बोलण्यांतला कडवटपणा कमी करविला. येथें आई आरोपी नव्हती, वैद्यांची सहकारी होती. नऊ महिन्यांत नुसत्या औषधावरील निम्म्या रोग्यांचा आजार उलटला. या दुसऱ्या गटांत एकाचाच.