बुक्कीने फोडलेला कांदा आणि सॅलड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गाला आहाराचा पाठ शिकवून झाला होता आणि मी स्वाध्यायाच्या वह्या तपासत होतो. प्रश्न साधा होता : ‘सॅलड म्हणजे काय? दोन उदाहरणे लिहा.’ बहुतेकांनी काकडी, टोमॅटो, गाजर यांच्या गोल चकत्या लिहिल्या होत्या, कारण मी फळ्यावर तशीच बशी काढून दाखवली होती. एका मुलीने मात्र लिहिले होते : ‘कांदा बुक्कीने फोडून, मीठ लावून भाकरीबरोबर खातात ते. आणि दह्यातली काकडी.’ मी दोन्हींवर फुली मारली आणि शेजारी लिहिले, ‘सॅलड लिही, घरचे जेवण नको.’ मुलगी काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ‘आज तुम्ही काय काय खाल्ले?’ असा तक्ता भरायला दिला, तेव्हा तिचे पान कोरे होते.

ती फुली चूक होती, हे मला फार उशिरा कळले. का चूक होती, ते समजायला थोडे इतिहासात शिरावे लागते.

नावातच मीठ

‘सॅलड’ या शब्दात काकडी नाही, टोमॅटोही नाही. आहे ते मीठ. लॅटिन भाषेत मिठाला ‘साल’ म्हणतात. त्यावरून ‘सालाता’, म्हणजे खारवलेले. रोमन लोक हिरवा पाला मीठ, तेल आणि शिरका (व्हिनेगर) लावून खात. ‘सालाता’वरून फ्रेंच ‘सालाद’ आला आणि त्यावरून इंग्रजी ‘सॅलड’. पगाराला इंग्रजीत ‘सॅलरी’ म्हणतात, त्याचे मूळही याच मिठात आहे.

जेवणात या पाल्याची जागा कोणती, याबद्दल रोमन लोकांचेही मत बदलत गेले. पूर्वी लेट्यूसचा पाला जेवणाच्या शेवटी वाढत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत तो जेवणाच्या सुरुवातीला येऊ लागला होता.

इंग्रजीतील सर्वांत जुन्या सॅलडकृतींपैकी एक ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात आहे. (येथे ‘क्युरी’ म्हणजे आपली करी नव्हे, तर स्वयंपाक.) इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी तो इ.स. १३९० च्या सुमारास तयार केला. त्यातल्या सॅलडमध्ये काय काय आहे? पार्सली, लसूण, कांदा, पुदिना, बडीशेपेचा पाला, सताप आणि आपल्या शेतात तण म्हणून उगवणारी घोळ, शिवाय अशाच आणखी काही वनस्पती. हे सारे निवडावे, धुवावे, हाताने बारीक तोडावे, कच्चे तेल घालून कालवावे आणि वर शिरका व मीठ घालावे, एवढीच कृती.

या यादीत टोमॅटो नाही. असणार तरी कसा? तो अमेरिकेतला. कोलंबस अमेरिकेच्या बाजूला पोचला तो १४९२ साली, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी. काकडीही नाही आणि गाजरही नाही. घोळ आणि कांदा मात्र आहेत.

तीनशे वर्षांनी, १६९९ साली, जॉन एव्हलिन यांनी ‘ॲसिटेरिया’ नावाचे एक संपूर्ण पुस्तकच सॅलडवर लिहिले. एव्हलिन हे रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. पुस्तकाचे नाव शिरक्याच्या लॅटिन नावावरून घेतलेले आहे. सॅलड म्हणजे तेल, आंबट आणि मीठ लावून खाल्लेला कच्चा, कोवळा पाला, असे त्यांचे म्हणणे. गाण्यातल्या सुरांप्रमाणे त्यातली कोणतीही एक वनस्पती दुसरीवर वरचढ होऊ नये, असेही ते सांगतात.

मीठ, आंबट आणि स्नेह

मीठ, आंबट आणि स्नेह (तेल-तुपासारखा पदार्थ) हे त्रिकूट पुन्हा पुन्हा का भेटते? यामागे चवीखेरीज विज्ञानही आहे.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. चिरलेल्या काकडीवर मीठ पेरले की बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खारट होते आणि पेशींमधले पाणी पेशीपटलातून बाहेर झिरपते. हे परासरण. काकडी मऊ पडते, मीठ आत मुरते. म्हणूनच घरी खमंग काकडी करताना मीठ अगदी आयत्या वेळी घालतात, नाहीतर पानात तळे साचते. दोन वाट्यांत सारखी काकडी घेऊन एकीत मीठ घालावे आणि पंधरा मिनिटांनी दोन्हींतले पाणी मोजावे. परासरण शिकवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

आंबटाचे काम वेगळे. लिंबू, दही किंवा शिरक्यातील आम्लामुळे कित्येक जीवाणूंची वाढ मंदावते. ती थांबतेच असे नाही, म्हणून भाजी धुण्याला पर्याय नाही. शिवाय लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

आणि स्नेह? गाजर-पाल्यातील कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना तेलासह आणि तेलाशिवाय असे सॅलड दिले गेले. तेलाशिवायच्या सॅलडमधून कॅरोटीन जवळजवळ शोषलेच गेले नाही. आपल्या कोशिंबिरीवरची चमचाभर फोडणी केवळ वासासाठी नसते, ती अशी.

पानाची डावी बाजू

आता आपल्या पानाकडे वळू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सारे डावीकडे वाढतात. कोशिंबीर, पचडी, रायते, भरीत अशी तिथली नावे. कर्नाटकात भिजवलेल्या मूगडाळीची ‘कोसंबरी’ करतात, ती आपल्या कोशिंबिरीची नात्यातलीच. ‘रायते’ या नावात राई, म्हणजे मोहरी आहे. मोहरी पाण्यात फेसली की तिच्यातले विकर आणि दुसरा एक पदार्थ एकत्र येऊन नाकात जाणारा झणका तयार होतो. अख्ख्या मोहरीत हे दोन्ही वेगवेगळे बंदिस्त असतात, म्हणून ती नुसती हातात घेतली तर झणका येत नाही.

येथेही मीठ आहे, दही किंवा लिंबाचे आंबट आहे, फोडणीचा किंवा खोबऱ्या-दाण्यांचा स्नेह आहे. म्हणजे एव्हलिन यांचे तिन्ही गडी हजर!

पण म्हणून कोशिंबीर अनादी काळापासून अशीच होती, असे समजायचे कारण नाही. काकडी मूळची आपल्याच उपखंडातली. पण त्यावरची हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट, तसेच टोमॅटोच्या कोशिंबिरीतला टोमॅटो, हे तिघेही अमेरिकेचे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, त्याच्या आधीच्या कोणत्याही मराठी घरात आजची खमंग काकडी होणे शक्य नव्हते. पदार्थाचे नाव टिकते, आतले जिन्नस बदलतात.

भरीत तर वांगे भाजून करतात. मग ते सॅलड कसे? पण जर्मनीत उकडलेल्या बटाट्याचे सॅलड घरोघरी होते. ‘रशियन सॅलड’चा उगम १८६० च्या दशकात मॉस्कोच्या ‘हर्मिटाज’ उपाहारगृहात झाला. ल्यूसियाँ ऑलिव्हिए यांच्या त्या सॅलडमध्ये मांसही होते. अमेरिकेत विसाव्या शतकात जेलीत गोठवलेल्या भाज्यांना सॅलड म्हणत. आणि आपल्याकडच्या लग्नात पुरीबरोबर वाढतात ते ‘फ्रूट सॅलड’? दूध, साखर आणि फळे! त्यात ना मीठ, ना आंबट, ना पाला. ज्या शब्दाची व्याख्या इतकी सैल आहे, त्यातून भाकरीबरोबरचा कांदा मात्र आम्ही बाहेर काढतो.

कच्चे खावे की खाऊ नये?

कच्च्या भाजीकडे बघण्याची दृष्टी पाण्यावर आणि खतावरही अवलंबून राहिली आहे. चीनमध्ये शतकानुशतके शेताला मैलाखत घालत आणि तिथल्या स्वयंपाकात कच्च्या भाज्यांना फारसे स्थान नव्हते. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याचा जीवाणू रुग्णांमध्ये आणि तळ्याच्या पाण्यात ओळखला. १८९० च्या दशकात आग्र्याच्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपले ‘लाल औषध’, टाकण्याचा उपाय पुढे आणला. भारतातल्या साहेबांच्या बंगल्यात सॅलडचा पालाही याच गुलाबी पाण्यात बुडवून मग टेबलावर येई.

मग वारे फिरले. १९१२ साली कॅसिमिर फंक यांनी ‘व्हिटॅमिन’ हा शब्द सुचवला. पुढे क जीवनसत्त्व वेगळे काढता आले आणि ते उष्णतेने नष्ट होते, हेही स्पष्ट झाले. ज्या कच्च्या पाल्याची कालपर्यंत भीती होती, तोच आरोग्याचे चिन्ह ठरला. अर्थात हेही पूर्ण खरे नाही. गाजरातले कॅरोटीन शिजवल्यावर अधिक सहज मिळते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते, पण त्या साऱ्या कच्च्याच हव्यात असे म्हणत नाही.

वर्गात काय करता येईल?

‘सॅलड म्हणजे काय?’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्याऐवजी विचारतो : ‘तुमच्या घरी भाकरी-पोळी-भाताबरोबर न शिजवलेले किंवा आंबट-खारट असे काय खातात? ते कोण करते? त्यात मीठ, आंबट आणि स्नेह कशातून येतो?’ फळा पाहता पाहता भरतो. मुळ्याचा पाला, दाण्याची चटणी लावलेली काकडी, कोबीची पचडी, कच्च्या कैरीच्या फोडी. कोणाचेच पान कोरे राहत नाही. मग त्यातला एकेक जिन्नस मूळचा कुठला, हे नकाशावर शोधायचे. विज्ञान, इतिहास आणि भूगोल असे तीन तास एका कांद्यावर निघतात.

ती मुलगी शाळा सोडून केव्हाच पुढे गेली. तिच्या वहीतली फुली मला आता पुसता येत नाही. पण तिचे उत्तर तपासून पाहिले तर काय दिसते? मीठ लावलेला कच्चा कांदा. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या सॅलडमध्येही कच्चा कांदा होता, वर मीठ होते, आणि ते सॅलडही सुरीने चिरायचे नव्हते, हातानेच तोडायचे होते. वर्गात त्या दिवशी सॅलडचा मूळ अर्थ एकटीलाच बरोबर ठाऊक होता, आणि तिला गुण मिळाले होते शून्य.